पाव गुंठ्याची मोजणी

सोलापूरला गेलेली माणसं येताना चादर घेऊन येतात. मी जाताना घेऊन गेले. चादर अस्सल सोलापुरीच होती, वापरून वापरून मऊ पडलेली, आणि तिच्याखाली माझी मोटारसायकल होती. चिपळूणहून सोलापूरकडं निघालेल्या एका टेम्पोत ती दोरखंडांनी बांधून पाठवली आणि तिच्या मागोमाग मी एसटीनं गेले.

गाडीची ओळख आधी करून देते, कारण हे सगळं तिच्यापायीच घडलं. ती रस्त्यावरची गाडी नव्हे. उंच, अंगानं हलकी, टायरला मोठमोठे दात असलेली, आणि जिथं डांबर संपतं तिथून तिचं काम सुरू होतं. माझं औषधांचं दुकान आहे. सहा वर्षं दर रविवारी दुकान बंद ठेवून मी तिच्यावरून आमच्याकडचे कातळाचे सडे, पाणंदी आणि ओढे हिंडले. पडणं त्यात आलंच. पण मागच्या वर्षी एका चढावर पडले तेव्हा गाडीला काही होऊ नये म्हणून हँडल सोडलंच नाही. ती घसरली आणि मला घेऊन चरात गेली. घोटा मोडला. गाडीखाली पाय अडकलेल्या अवस्थेत तासभर एकटी पडून होते, आणि त्या तासात मी काय काय विचार केले ते इथं लिहिणार नाही.

घोटा जुळला, मी मात्र पुन्हा गाडीवर बसले नाही. नवरा ‘विक’ असं एकदाही म्हणाला नाही. त्यानं फक्त तिच्यावर चादर घातली. मला ते जास्त लागलं.

शेवटी मीच बसवराजला फोन केला. बसवराज मंद्रूपचा, शेती करतो. तीन वर्षांपूर्वी तो आणि त्याचे दोन दोस्त, श्रीनिवास आणि इरफान, कोकणात गाड्या घेऊन आले होते आणि चार दिवस मी त्यांना आमच्या चिखलात मनसोक्त लोळवलं होतं. तेव्हाच त्याचा जीव माझ्या गाडीवर जडला होता. त्याची स्वतःची गाडी म्हशीएवढी जड. जाताना म्हणाला होता, “अक्का, कवा इकशील तवा पैला मला सांग.” आता सांगितलं, तर म्हणाला, “आन की. पर शनवार-रविवार आमच्यासंगं फिर. सोमवारी चावी दे.”

म्हणजे हिशेब सरळ होता. दोन दिवस हिंडायचं, तिसऱ्या दिवशी गाडी देऊन मोकळं व्हायचं.

भवानी पेठ

श्रीनिवासचं घर भवानी पेठेत. पुढं घर, मागं माग. त्यांच्या घरात आपसात तेलुगू, कामगारांशी मराठी, इरफानशी दखनी आणि मागाशी शिव्या, अशा चार भाषा सकाळी सातलाच चालू होत्या. ते टॉवेल विणतात. खटखटाट इतका, की बोलणारा माणूस मोठ्यांदा बोलतो आणि ती सवय घराबाहेरही सुटत नाही. श्रीनिवास ओढ्यातसुद्धा मागाशेजारी उभा असल्यासारखा ओरडून बोलतो.

टेम्पोतून गाडी उतरवली तेव्हा इरफान आला. तो मेकॅनिक आहे, बारीक, कायम हातात एक फडकं. त्यानं चादरीचं टोक उचलून आत पाहिलं.

“ताई, गाडीला ताप आलाय का? घाम काढायलासा?”

“असू दे बे,” श्रीनिवास ओरडला. “कोकनातनं आल्यात, तिथं गाडीला पन दुपारी झोपवतेत.”

“आणि तुमच्याकडं गाडीला बोलता येत नाही म्हणून बरं,” मी म्हटलं, “नाहीतर तीही ओरडून बोलली असती.”

झाली सुरुवात. इरफाननं चेन, ब्रेक, क्लच सगळं पाहिलं, टायरमधली हवा बरीच कमी केली आणि काही न बोलता पायाजवळचा एक वाकलेला दांडा सरळ केला. तो माझा घोटा मोडला त्या दिवशीचा होता. कसा वाकला ते त्यानं विचारलं नाही. श्रीनिवासच्या आईनं शेंगाची पोळी आणि तुपाची वाटी पुढं ठेवली. आमच्या पुरणपोळीला नाजूकपणाचा मोठा तोरा असतो; ही पोळी खुटखुटीत, चार दिवस डब्यात टिकणारी, प्रवासाला निघालेल्या माणसाची. मी तीन खाल्ल्या आणि सहा बांधून घेतल्या.

एक सांगायला हवं. आमचा चिपळूणकर खवचट बोलतो आणि समोरच्यानं परत काही म्हटलं तर ते दोन महिने मनात धरतो. सोलापूरकर तोंडावर बोलतो आणि त्याच दमात “च्या घे की” म्हणतो. पहिल्या दिवशी मला हे जमलं नाही.

मंद्रूपच्या पुढं

सीना ओलांडून मंद्रूपला पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. बसवराज गोठ्याशी उभा होता. नमस्कार वगैरे झाल्यावर त्यानं मला आधी गोठ्याचा एक कोपरा दाखवला. शेणानं सारवलेला, वर पत्रा, खाली दोन पोती अंथरलेली, भिंतीत चावी अडकवायला नवा खिळा.

“हितं ऱ्हाईल ती,” तो म्हणाला. “ऊन लागत न्हाय.”

मी “छान आहे” म्हटलं. छानच होता तो कोपरा. मी मात्र त्या खिळ्याकडं पुन्हा बघितलं नाही.

मंद्रूप मागं टाकलं की जमीन उघडी पडते. आमच्याकडं दोन माणसांच्या मधे कायम एखादं झाड, दगडी गडगा नाहीतर चढ असतो. इथं मैलभर लांबून येणारा माणूस दिसतो आणि तो पोचेपर्यंत त्याच्याविषयी बोलून संपतं. जानेवारी होता, शाळू पोटरीतून बाहेर येऊन दाण्याला आला होता. ज्वारीच्या मधून काळ्या मातीच्या वाटा, मग मुरमाचा माळ, बाभळी, आणि मग भीमेकडं उतरणारे कोरडे ओढे. पेरलेल्या रानात आम्ही चाक घालत नाही. गाडीवाटा, माळ आणि ओढ्याची पात्रं, एवढंच आमचं रान.

पहिला पडला इरफान. माळावरच्या एका घळीत पुढचं चाक अडकलं आणि तो भुईवर आडवा झाला. मी घाबरून थांबले. पण बाकीच्या दोघांनी जागेवरूनच तोंडाशी हात धरून बोंब ठोकली, “मोजणीऽऽ!”

इरफाननं पडल्या पडल्या उत्तर दिलं, “एक गुंठा!”

दोघं हसले, आणि मगच त्याला उचलायला गेले.

हा यांचा रिवाज. पडलेल्या माणसानं आपल्या अंगानं किती जमीन मोजली ते सांगायचं. साधं घसरणं म्हणजे पाव गुंठा, लोळण म्हणजे गुंठा, दोन कोलांट्या म्हणजे थेट पाच. मग बाकीचे “सातबारा कुणाच्या नावावर करायचा?” वगैरे विचारतात. त्या सकाळी श्रीनिवासनं अर्धा गुंठा मोजला, बसवराजनं एक. मला राग आला, खरं सांगते. माणूस पडलाय आणि तुम्हाला थट्टा सुचते! मी तासभर कुणाशी बोलले नाही, आणि गाडी अशी चालवली, जणू दुधाचं पातेलं डोक्यावर आहे. बसवराज दोनदा शेजारी येऊन म्हणाला, “अक्का, उभी ऱ्हा, लांब बग. आन पडलीस तर गाडी सोड. ती लोखंडाची हाय, तिला काय हुत न्हाय.”

दुपारच्या आधी एक ओढा लागला. पाणी नाही, पण पन्नास-साठ पावलं नुसती भुसभुशीत वाळू. वाळूत गाडी सापासारखी वळवळते आणि तिथं ब्रेक लावला की संपलं. वेग धरूनच जावं लागतं. तिघं गेले. मी काठावर पाय टेकून उभी राहिले आणि ओरडून सांगितलं, “मी रस्त्यानं येते.” तीन कोसांचा वळसा घालून पोचले तेव्हा त्यांनी बाभळीखाली जेवण मांडून ठेवलं होतं. वळशाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. एरवी प्रत्येक गोष्टीवर बोलणारी ही माणसं गप्प बसली, तेव्हा मला जास्तच लाज वाटली.

जेवण म्हणजे कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही, कांदा. भाताच्या मुलखातल्या माणसाला ही भाकरी आधी वाजवून बघावीशी वाटते. चटणीत तेल सोडून, भाकरी मोडून खाल्ली आणि मग मी वाजवणं बंद केलं.

बसवराज हात धुवायला गेला तेव्हा मी इरफानला म्हटलं, “पडलेल्या माणसाची थट्टा कसली करता?”

तो फडक्यानं हात पुसत राहिला. मग म्हणाला, “ताई, पैले मजाकच था. फिर एक बार खदानीजवळ अण्णा, आपला बसवराज, पडला. आम्ही वरडलो, मोजणी. अण्णा बोल्याच नै.” त्यानं फडक्याची घडी घातली. “बोलला नाय म्हणून पळालो. उलटा पडला होता, हेल्मेट मातीत रुतलेलं, श्वास घेता येईना. हसत बसलो असतो तर संपलं होतं. तेव्हापास्नं कसं हाय, जो बोलला तो ठीक हाय. नै बोलला तर पळायचं.”

मी बाभळीच्या काट्यानं भुईवर रेघा ओढत बसले. माझ्या चरात मला कुणी विचारलं नव्हतं. विचारायला कुणी नव्हतंच. तरी त्या दुपारी एवढं कळूनही माझी गाडी सुधारली नाही, हेही लिहून टाकते.

शेवंताबाईंचा बांध

रविवारी सकाळी आम्ही कालच्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला गेलो. एका शाळवाच्या रानाकडेनं मुरमाची गाडीवाट होती. पुढं श्रीनिवास, मागं आम्ही. वळणावर त्याचं मागचं चाक निसटलं आणि तो थेट बांधाला जाऊन टेकला.

“मोजणीऽऽ!” आम्ही ओरडलो. आम्ही म्हणजे मीसुद्धा.

“अर्धा गुंठा!” बांधावरून उत्तर आलं.

आणि ज्वारीतून एक म्हातारी पळत बाहेर आली. हातात पाण्याचा तांब्या, काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांची गुंडाळी, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली.

“आलासा व्हय बाबांनो! किती वाट बगायची मानसानं!” तिनं तांब्या सरळ बसवराजच्या हातात दिला. “ल्योक मेंढरं घिऊन खाली गेलाय, मी एकलीच हाय. पानी प्या आन पैलं ह्यो बांध बगा. दीर दरसाली नांगरताना एकेक तास, एकेक रेघ, हिकडं सरकतोय. तीन गुंठं गेल्यात माजं.”

आम्ही एकमेकांकडं पाहिलं. अंगावर छातीची ढाल, गुडघ्याला कवचं, पायात पिंढरीपर्यंत बूट, डोक्यावर हेल्मेट. सरकारी मोजणीवाले कधी न पाहिलेल्या माणसाला आम्ही तसे वाटलो तर नवल नव्हतं. तिनं माझ्या गाडीवर हात ठेवला.

“ही मशीन व्हय? आता मशीन घिऊन येत्यात म्हनत हुते.”

 शेवटी बसवराजनं हेल्मेट काढलं आणि खाली मान घालून सांगितलं, “मावशी, आमी त्ये न्हवं. चुकलं आमचं. आमच्यात जो पडतोय त्याला आमी तसं इचारतो, किती जमीन मोजली म्हनून. चेष्टा हाय ती.”

“मग तुमी कोन?”

“आमी पडनारी मानसं,” श्रीनिवास म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो हळू बोलला असेल.

म्हातारीनं कागदांची पिशवी परत काखेत मारली आणि पदरानं तोंड पुसलं. मला इतकं वाईट वाटलं की मी गाडीच्या आरशाशी उगाच चाळा करत राहिले. मग ती श्रीनिवासकडं वळली.

“अर्धा गुंठा म्हनलास न्हवं तू? माजं तीन गेल्यात. आनी पाच येळा पड की मर्दा!”

आधी इरफान हसला, मग ती स्वतः, आणि मग आम्हाला आवरेना. “बसा,” ती म्हणाली. “तेंच्यासाठी हुरडा काडून ठिवलाय. त्ये काय आज ऐतवारी येत न्हाईत. तुमी खावा.”

तिचं नाव शेवंताबाई. तिनं आगटी पेटवली, निखाऱ्यात कणसं घातली आणि तळव्यावर चोळून गरम हिरवे दाणे आमच्या ओंजळीत टाकले. सोबत चटणी, गुळाचा खडा. तोंड भाजत होतं आणि हात थांबत नव्हते. आमच्याकडं पाहुण्यासाठी ठेवलेली वस्तू चुकून आलेल्याला मिळाली असती का, याचा मी विचार केला आणि उत्तर मनातच ठेवलं.

खाता खाता मी विचारलं, “मोजून झाली की विकायची आहे का जमीन?”

चिठ्ठीशिवाय झोपेच्या गोळ्या मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडं मी जशी बघते, तशी ती माझ्याकडं बघत राहिली.

“इकायला? अगं बया, इकायची असती तर मोजाया कशाला पायजे? हाय तेवढी घेनारा घिऊन जाईल. मोजायची ती राखायला. एकदा हद्दीचा दगूड बसला की भ्याव न्हाय. पाय कुटं ठिवायचा ते कळतंय.”

बसवराज दाणे चोळत होता. त्याचे हात क्षणभर थांबले, मग पुन्हा चालू झाले.

परतीची वाट म्हणजे पुन्हा तोच ओढा. शेवंताबाईंच्या बांधाखाली त्याची वाळू आणखी रुंद झाली होती. तिघं पार गेले आणि पलीकडच्या काठावर उभे राहिले. बसवराजनं हात वर करून रस्त्याकडं खूण केली, वळसा घेणार का म्हणून. मी मान हलवली. नाही.

उभी राहिले, लांब बघितलं, वेग धरला. तीस-चाळीस पावलं गाडी माझं ऐकत होती. मग पुढचं चाक रुतलं, हँडल हातातून वळायला लागलं, आणि मी ते घट्ट धरलं, अगदी मागच्या वर्षीसारखंच. त्या क्षणी मला बसवराजचं बोलणं आठवलं असं लिहिणं सोपं आहे. खरं म्हणजे काही आठवलं नाही. हात सुटले, एवढंच.

मी वाळूत पाठीवर होते. गाडी चार हात पुढं, एकदा घरघरली आणि बंद पडली. पाय हलवून पाहिला. हलत होता. वर आभाळ अगदी मोकळं होतं.

“मोजणीऽऽ!” काठावरून तिघं. आणि मागं बांधावरून एक चिरका आवाज, “मोजनीऽ! ए बाई, मोजनी!”

घसा कोरडा पडला होता, आवाज निघेना. वाळूत बूट धावत येण्याचा आवाज ऐकू आला, तिघांचाही. हसण्याचा नाही, नुसता धावण्याचा. तेव्हा मला जे वाटलं ते सरळ सांगते: त्या चरात मी तासभर ज्याची वाट बघितली होती, ते हे होतं.

“पाव गुंठा!” मी ओरडले.

बूट थांबले. मग हशा झाला, आणि बांधावरून शेवंताबाई म्हणाल्या, “पलीकडच्या अंगाला पडायचं हुतंस गं! दिराच्या!”

मी गॉगलच्या आत हसता हसता रडले. मग उठले, गाडी उचलली आणि त्या वाळूतून आणखी चारदा गेले. त्यात दोनदा पडले. दोन्ही वेळा मोजणी वेळेवर दिली.

सोमवार, पुन्हा भवानी पेठ

सकाळी श्रीनिवासच्या दारात टॉवेलचे गठ्ठे टेम्पोत चढत होते. माल चिपळूणमार्गे रत्नागिरीकडं निघाला होता. माझी मोटारसायकल भिंतीला टेकून उभी, दातांत अजून काळी माती. बसवराज तिला न्यायला मंद्रूपहून आला होता. त्यानं धुतलेला सदरा घातला होता, कपाळाला विभूती होती.

मी खिशातून चावी काढली आणि तळहातावर पुढं धरली. 

त्यानं चावी घेतली नाही. गाडीच्या टाकीवरची धूळ तळव्यानं पुसली, एकदा, दोनदा.

“अक्का, ती मावशी काय म्हनली? मोजनी इकायला असती का राखायला?”

“राखायला,” मी म्हटलं.

“माग लई वाजतोय. ऐकू न्हाय आलं.”

“राखायला!”

त्यानं माझी मूठ चावीवर बंद केली. मग श्रीनिवासला म्हणाला, “गठ्ठ्यांच्या मदी जागा कर. नीट बांध, चादर घाल वरनं.” आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मला तो सारवलेला कोपरा, ती दोन पोती आणि भिंतीतला नवा खिळा आठवला.

इरफाननं त्याच्या पाठीकडं पाहिलं. मग तोंडाशी हात धरला.

“अण्णा पडलेऽऽ! मोजणीऽऽ!”

बसवराज बोलला नाही. माग खटखटत राहिले. इरफानच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, त्यानं फडकं खांद्यावर टाकलं आणि एक पाऊल पुढं झाला.

“अण्णा. मोजणी.”

बसवराज वळला. डोळे पुसले, नाक ओढलं.

“एक एकर,” तो म्हणाला.